'धरणग्रस्त' हा शब्द आला कुठून आणि पोचला कुठे

आजोबांच्या कागदावर 'विस्थापित', वडिलांच्या दाखल्यावर 'प्रकल्पग्रस्त', कायद्याच्या पुस्तकात 'प्रकल्पबाधित' आणि घरात मात्र 'आपण धरणग्रस्त'. एकाच घराला ही चार नावं कशी आणि यातलं खरं कोणतं, असा तुमचा प्रश्न आहे. सातारा-सांगलीकडच्या धरणग्रस्तांचे अर्ज, अपिलं आणि संकलनाच्या, म्हणजे धरणग्रस्तांच्या सरकारी नोंदवहीतल्या, दुरुस्त्या लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्न मला नुसता शब्दकोशातला वाटत नाही. यातला कोणता शब्द कोणत्या कागदावर आहे, यावर जमीन मिळणं-न मिळणं ठरताना मी पाहिलं आहे. म्हणून जरा मागून सुरुवात करते.

आधी 'ग्रस्त' घेऊ. संस्कृतात ग्रस् म्हणजे गिळणं. पंचांग पाहणाऱ्यांना हा शब्द रोजचा आहे: ग्रहण लागलेल्या अवस्थेतच चंद्र उगवला तर ते ग्रस्तोदित, तसाच मावळला तर ग्रस्तास्त. मराठीत तो दुसऱ्या शब्दांना जोडून येऊ लागला आणि रोगग्रस्त, चिंताग्रस्त, दुष्काळग्रस्त असे शब्द झाले. या जोडशब्दांची खुबी अशी, की पहिला भाग गिळणाऱ्याचं नाव सांगतो आणि दुसरा भाग सांगतो की माणूस अजून त्याच्या तोंडात आहे. दुष्काळग्रस्त म्हटलं की दुष्काळाकडे बोट जातं. 'विस्थापित' म्हटलं की तसं बोट कुठेच जात नाही. माणूस जागचा हलला एवढंच कळतं. कोणी हलवला, कशासाठी हलवला, ते शब्दात नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि 'पूरग्रस्त' हा शब्द पुण्यात घराघरांत पोचला. गोखलेनगर, जनवाडी, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि जुनी माणसं त्यांना अजून त्याच नावाने ओळखतात. आता गंमत नाही, पण विचार करण्यासारखी गोष्ट आहे: तो पूर पावसाने आलेला नव्हता, धरण फुटून आलेला होता. तरी माणसांच्या नावात धरण आलं नाही, पूर आला. त्याच सुमाराला सह्याद्रीच्या कुशीत कोयनेचं खोरं शिवसागराखाली, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाखाली, जात होतं. तिथे धरण फुटलं नव्हतं, ते ठरल्याप्रमाणे भरत होतं. आणि तिथल्या लोकांच्या नावात मात्र 'धरण' हाच शब्द आला.

हे लहानसहान धाडस नव्हतं. धरण म्हणजे वीज, पाणी, प्रगती अशी त्या काळची भाषा होती. त्या धरणाला दुष्काळ, रोगराई आणि पूर यांच्या रांगेत नेऊन बसवणारा हा शब्द आहे. तो पहिल्यांदा कोणी उच्चारला हे शोधत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. असे शब्द मोर्चात, गावच्या बैठकीत, कचेरीच्या व्हरांड्यात घडतात आणि मग कोणीतरी ते पत्रकावर छापतं.

पण त्याच्या आधी उठून जाणाऱ्या माणसाला मराठीत नाव नव्हतं का? होतं, आणि एकापेक्षा जास्त होती. जुन्या मराठी कागदांत 'परागंदा' भेटतो. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. लढाईची धामधूम, दुष्काळ, वसुलीचा जाच यांपैकी काहीही झालं की रयत परागंदा होई, गाव बेचिराख होई. मग कौल, म्हणजे सरकारचा लेखी शब्द, देऊन, सुरुवातीला सारा कमी ठेवून तो वर्षागणिक चढवत नेण्याच्या बोलीवर, लोकांना परत बोलावलं जाई. याला लावणी-संचणी म्हणत. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की परागंदा झालेला माणूस परत येणार हे त्या व्यवहारात गृहीत होतं. जमीन जागेवर होती, ओसाड पडली तरी होती. धरणाखाली गेलेल्या गावाला कौल देता येत नाही. 'देशोधडीला लागणं' हा वाक्प्रचार त्याच्या जास्त जवळ जातो, पण त्यातही दोष कोणाचा हे गुलदस्त्यातच राहतं.

दुसरा शब्द 'निर्वासित'. मुळात हा शिक्षेचा शब्द आहे. निर्वासन म्हणजे वस्तीतून बाहेर काढणं. सीतेला वनात पाठवलं त्याला संस्कृतात सीतानिर्वासन म्हणतात. फाळणीनंतर लाखो माणसं सरहद्द ओलांडून आली तेव्हा हिंदीने त्यांना 'शरणार्थी' म्हटलं, म्हणजे आसरा मागायला आलेले. मराठीने 'निर्वासित' घेतला, म्हणजे घालवून दिलेले. एक शब्द माणूस कुठे आला ते पाहतो, दुसरा तो कुठून काढला गेला ते पाहतो. पंजाबकडच्या अनेक लोकांना 'शरणार्थी' हा शब्द अपमानाचा वाटला आणि ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेऊ लागले. सरकारी कायद्यात मात्र यातलं काहीच आलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या छावण्यांसाठी जी इंग्रजी संज्ञा रुळली होती, तीच १९५४ च्या नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाच्या केंद्रीय कायद्याने उचलली. तिचा मराठी अवतार म्हणजे 'विस्थापित व्यक्ती'. तुमच्या आजोबांच्या कागदावरचा शब्द त्या घराण्यातला आहे. फाळणीच्या माणसांसाठी घडलेला शब्द पुढे धरणाच्या माणसांना लावला गेला.

कोल्हापूरजवळचं वळिवडे या बाबतीत पाहण्यासारखं आहे. १९४३ पासून तिथे पोलंडचे सुमारे ५,००० निर्वासित राहत होते. युद्ध संपल्यावर ते गेले आणि फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर आहे, कापडाची मोठी बाजारपेठ. तिकडे कल्याण कॅम्पचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं, पण पत्ता सांगताना कॅम्प एक ते कॅम्प पाच ही भाषा गेलेली नाही. चंद्रपुरात बंगाली कॅम्प आहे. 'निर्वासित' हा शब्द माणसांवरून उतरला आणि जागेच्या नावात 'कॅम्प' होऊन राहिला. आज मराठी वर्तमानपत्रात निर्वासित म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे सीरिया, युक्रेन किंवा रोहिंग्या येतात, म्हणजे देशाची सरहद्द ओलांडलेला माणूस. कोयनेच्या माणसाला आता कोणी निर्वासित म्हणणार नाही. तो देशातच आहे, जिल्हा मात्र बदलला.

आता धरणाकडे. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी पेट्यातली भातजमीन जाणार होती. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं तुम्हाला ठाऊक असतील. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. तेव्हा जमीन जात होती ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याच्या नजरेत गाव नव्हतं आणि उठणारं माणूसही नव्हतं. त्यात होती फक्त 'हितसंबंधित व्यक्ती', म्हणजे मोबदल्यात ज्याचा वाटा निघतो असा कोणीही. मुळशीत याचा परिणाम उघड दिसला. अनेक जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना मोबदल्याचे पैसे चालणार होते. कसणाऱ्या मावळ्याला ते चालणार नव्हते. कायद्याच्या व्याख्येत दोघंही एकच.

कोयनेत हाच कायदा होता. पुनर्वसनाचा कायदा तेव्हा महाराष्ट्रात नव्हताच. लोक सोलापूर, सांगली, रायगड, रत्नागिरी, ठाणे असे पाच दिशांना पांगले. डोंगरउताराची नाचणी-वरी पिकवणाऱ्या माणसाला सोलापूरच्या काळ्या जमिनीत नेऊन सोडणं म्हणजे काय, हे त्या वसाहतींत गेल्याशिवाय कळत नाही. आणि जे खोऱ्यात वरच्या अंगाला सरकून राहिले त्यांच्या वाट्याला नावांची रांगच आली. धरणाने धरणग्रस्त केलं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने भूकंपग्रस्त केलं. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्यातली काही गावं अभयारण्यग्रस्तही झाली. पाटण तालुक्यात अशी घरं आहेत, की आजोबा धरणग्रस्त, मुलगा भूकंपग्रस्त आणि नातू अभयारण्यग्रस्त म्हणून वेगवेगळ्या टेबलांसमोर उभा राहतो. प्रत्येक टेबलाचा दाखला वेगळा, पुरावे वेगळे.

१९७० नंतर बाबा आढाव यांच्या पुढाकाराने राज्यभरातले लोक एकत्र आले आणि 'धरणग्रस्त' शब्दाला खरं वजन आलं. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा त्या चळवळीची. पुढे सातारा-सांगली पट्ट्यात नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांनी तो धागा पाण्यापर्यंत नेला: नुसती जमीन नको, पाणी असलेली जमीन हवी. ज्या धरणाने गाव घेतलं त्याच धरणाचं पाणी, त्याच्याच लाभक्षेत्रात, म्हणजे त्या पाण्याने भिजणाऱ्या भागात. या मागणीची ताकद 'धरणग्रस्त' या शब्दातच होती. बुडणारा आणि भिजणारा यांच्यामध्ये एकच वस्तू आहे, धरण, आणि तिचं नाव शब्दात असल्यामुळे हिशेब मांडता येतो. 'आम्ही विस्थापित' म्हणून हा हिशेब मांडून पाहा, मांडता येत नाही.

रेटा वाढला तसा महाराष्ट्राने देशात सगळ्यांच्या आधी पुनर्वसनाचा कायदा केला, १९७६ मध्ये. त्याच्या नावात 'प्रकल्पामुळे विस्थापित झालेली व्यक्ती' होती. १९८६ च्या कायद्यात ती 'प्रकल्पबाधित व्यक्ती' झाली आणि १९९९ च्या कायद्यात तेच नाव कायम राहिलं. हा बदल दोन्ही बाजूंनी पाहायला हवा. चांगली बाजू ही, की व्याख्या रुंदावली. विस्थापित म्हणजे ज्याला घर सोडावं लागलं तो. बाधित म्हटल्यावर कालव्यात पट्टा गेलेला शेतकरी आला, नव्या गावठाणासाठी ज्याची जमीन घेतली तो आला, स्वतःची जमीन नसलेला शेतमजूरही आला. भूमिहीनाचं नाव कायद्यात येणं ही मोठी गोष्ट होती आणि ती लढून मिळाली आहे.

वाईट बाजू मला रोजच्या कामात दिसते. 'बाधित' हा शब्द फार सौम्य आहे. ज्याची दोन गुंठे कालव्यात गेली तोही बाधित, आणि ज्याचं घर, देऊळ, विहीर, स्मशान सगळं पाण्याखाली गेलं तोही बाधित. यादी एक, रांग एक. रुंद शब्दाने जास्त माणसं आत घेतली, पण आतल्या माणसांमधला फरक पुसला. २०१३ च्या केंद्रीय कायद्याने हा गुंता काहीसा सोडवला. त्यात 'बाधित कुटुंब' आणि 'विस्थापित कुटुंब' अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत; प्रत्येक विस्थापित हा बाधित असतो, पण प्रत्येक बाधित विस्थापित नसतो. १ जानेवारी २०१४ पासून तो लागू आहे. तुमच्यासारख्या जुन्या प्रकरणांना मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

प्रत्यक्षात व्याख्या ठरते ती संकलनात. पुस्तकातली व्याख्या कितीही चांगली असो, धरणग्रस्ताचं भवितव्य त्या रजिस्टरच्या एका ओळीत असतं. खातेदाराचं नाव, गेलेलं क्षेत्र, मिळालेला मोबदला, कुटुंबातली माणसं, देय जमीन, दिलेली जमीन. आता जुना सात-बारा डोळ्यांपुढे आणा. चार भाऊ एकत्र राहत, एकत्र कसत. सात-बाऱ्यावर नाव थोरल्याचं आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरं संकलन करताना ज्याने नीट वाचली, तिथे चार खाती धरली गेली. जिथे वाचली नाहीत, तिथे थोरला एकटा प्रकल्पग्रस्त झाला आणि तिघे भाऊ त्याच गावातून, त्याच दिवशी, त्याच ट्रकमधून उठूनही कागदावर कोणीच नाहीत. अशा तिघांपैकी एकाच्या मुलासाठी मी अर्ज लिहीत होते. तो म्हणाला, "ताई, आमचं घर पण बुडलंय की, मग आम्ही कोण लागतो?" त्याच्याकडे बुडालेल्या घराची घरपट्टीची पावती होती. तीच पुढे कामी आली.

यात आणखी एक अडसर आहे, ६५ टक्क्यांचा. पर्यायी जमीन हवी असेल तर मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम सरकारकडे भरलेली असावी लागते. हातात आलेला मोबदला सोसायटीच्या कर्जात, लग्नात किंवा नव्या घराच्या भिंतींत गेला, तर माणूस प्रकल्पग्रस्त राहतो पण जमिनीला पात्र राहत नाही. शब्द तोच, त्यातला हक्क निघून गेलेला.

मग दाखला. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि तिथे 'प्रकल्पग्रस्त' या शब्दाने पुन्हा अर्थ बदलला. स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मवर तो एक रकाना आहे. जाती, महिला, खेळाडू, माजी सैनिक, भूकंपग्रस्त, प्रकल्पग्रस्त. पुण्यात अभ्यासिकेत बसणारा पंचविशीतला मुलगा 'माझ्याकडे प्रकल्पग्रस्त आहे' असं म्हणतो. वाक्य नीट ऐका: 'मी प्रकल्पग्रस्त आहे' असं नाही, 'माझ्याकडे आहे'. दाखला एका घराला एकदाच वापरता येतो, म्हणून तो कोणाच्या नावावर करायचा यावरून भावाभावांत, चुलत्या-पुतण्यात बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. मी या मुलांना दोष देत नाही. जमीन मिळाली नाही, मिळाली ती नापीक निघाली, तर मागच्या पिढीच्या नुकसानीतून हाताला लागेल असं एवढंच उरलं.

नवी मुंबईत या शब्दाने आणखी वेगळं वळण घेतलं. १९७० मध्ये नवं शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांची जमीन घेतली गेली, पण बहुतेक गावठाणं जागेवरच राहिली. म्हणजे तिथला आगरी-कोळी शेतकरी प्रकल्पग्रस्त झाला, विस्थापित झाला नाही. शहरच त्याच्या भोवती येऊन बसलं. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासईजवळ गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. त्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज त्या भागात 'साडेबारा टक्के' हे प्रकल्पग्रस्ताचं जवळजवळ दुसरं नाव आहे आणि त्याचा बाजारभावही असतो. मुंबईत तर 'प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन'च्या इंग्रजी आद्याक्षरांनी 'पीएपी' झालं. मानखुर्दला, वाशी नाक्याला जिथे रेल्वे आणि रस्त्यांच्या कामात हटवलेल्या झोपडपट्टीतल्या लोकांना खोल्या दिल्या, तिथे 'पीएपीची खोली' असं सर्रास म्हणतात. तिथे माणूस नावातून पूर्ण गेला, खोली राहिली.

सरदार सरोवराची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, जवळपास सगळी आदिवासी. नर्मदा पाणीतंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात विस्थापिताची व्याख्या बरीच उदार केली होती: जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, ओलिताची, सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब. सज्ञान मुलीचा उल्लेख नव्हता. आणि ज्यांच्या पिढ्या वनजमिनीवर कसत आल्या, त्यांच्यावर वनखात्याच्या कागदात 'अतिक्रमणधारक' असा शिक्का होता. अतिक्रमण करणाऱ्याला विस्थापित कसं म्हणायचं, हा प्रश्न त्या डोंगरांत कागदोपत्री विचारला गेला. तिथे 'घोषित' आणि 'अघोषित' प्रकल्पग्रस्त, म्हणजे सरकारने मान्य केलेले आणि न केलेले, असे शब्द रुजले. पाणी अघोषिताच्या घरातही चढलं.

तर तुमच्या चार शब्दांचं असं आहे. 'विस्थापित' हा आजोबांच्या काळातल्या प्रशासनाचा शब्द, 'प्रकल्पबाधित' हा कायद्याचा, 'प्रकल्पग्रस्त' हा दाखल्याचा आणि नोकरभरतीचा, आणि 'धरणग्रस्त' हा तुमचा स्वतःचा. शासनाने 'प्रकल्पग्रस्त' उचलला कारण त्यात धरणाबरोबर एमआयडीसी, रस्ते, वीजकेंद्रं, तोफखान्याची मैदानं सगळं बसतं. 'धरणग्रस्त' त्यापेक्षा अरुंद आहे, आणि माझ्या मते म्हणूनच जपण्यासारखा आहे. तो कोणत्या पाण्यावर तुमचा हक्क आहे ते सांगतो.

पण अर्ज करताना भावनेने शब्द निवडू नका. अर्जाच्या पहिल्याच ओळीत तिन्ही बाजू बांधून टाका: 'अमुक धरणाच्या बुडीत क्षेत्रातील, अमुक गावातून विस्थापित झालेले, अधिनियमानुसार प्रकल्पबाधित खातेदार'. मग कोणत्याही टेबलावर 'हे आमच्यात बसत नाही' असं म्हणून अर्ज परत येणार नाही. सोबत बुडीत गावचा जुना सात-बारा, फेरफार, भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल आणि संकलनाचा उतारा जोडा. सात-बाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' आहे का ते आधी बघा, आणि असेल तर त्या अक्षरांवर पेन्सिलने खूण करून द्या. समोरच्याला ती दिसतीलच असं धरून चालू नका. घरपट्टी, शाळेचा दाखला, जुनी मतदार यादी यांतलं काहीही त्या गावचं असेल तर फेकू नका.

आजोबांचा कागद कोणत्या कायद्याखाली येतो हे निवाड्याच्या तारखेवर ठरतं. तो १९७६ च्या आधीचा असेल तर मार्ग एक आहे, नंतरचा असेल तर दुसरा. तारीख आणि संकलनातला अनुक्रमांक कळवलात, की ६५ टक्क्यांचं तुमच्या बाबतीत काय होतं तेही सांगते.